पाणी देल्लं, मंग सुकला काऊन?

संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात माझ्या मामांचं वावर आहे. सगळा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. एका डिसेंबरात हरभरा फुलावर होता, जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या आणि मामांना राहवलं नाही. त्यांनी बोअरचं पाणी दिलं. आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या, रोपांनी माना टाकल्या. मामांनी एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. मुळाशी माती ओली होती, मुठीत दाबली तर तिचा लाडू होत होता.

"हरभऱ्याले पानी देल्लं तं होतं ना बाप्पा, मंग सुकून काऊन रायला?"

मी विज्ञानाचा पदवीधर. परासरणाची व्याख्या मला झोपेतही म्हणता आली असती: निवडक्षम पारपटलातून, जास्त पाणी असलेल्या भागाकडून कमी पाणी असलेल्या भागाकडे होणारा पाण्याचा प्रवास. पण त्या व्याख्येप्रमाणे पाहिलं तर ओल्या मातीकडून पाणी मुळात जायला हवं होतं. घोळ हरभऱ्यात नव्हता, मी पाठ केलेल्या वाक्याच्या अर्थात होता. परासरणाभोवती असे बरेच समज साचलेले आहेत आणि बुलढाणा जिल्ह्यात ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. उत्तरेला खारपाणपट्टा आहे, दक्षिणेला लोणारचं सरोवर आहे, आणि मधल्या प्रत्येक घरात लोणच्याची बरणी आहे.

"जिथे पाणी जास्त, तिथून ते निघतं"

'जास्त पाणी' म्हटलं की डोळ्यांसमोर हंडा, विहीर, धरण येतं. परासरणाला हंडा किती भरलाय याच्याशी काही देणंघेणं नाही. पाण्याच्या ठरावीक मापात विरघळलेले कण किती, एवढाच त्याचा हिशेब. पेशीच्या पटलावर दोन्ही बाजूंनी पाण्याचे रेणू सतत आदळत असतात, काही इकडून तिकडे जातात, काही तिकडून इकडे येतात. एका बाजूला मीठ, साखर किंवा दुसरं काही विरघळलेलं असलं, की त्या बाजूने पटल ओलांडणाऱ्या पाण्याच्या रेणूंची संख्या घटते. दुसरीकडून येणारी आवक मात्र तशीच राहते. म्हणून एकूण ओघ विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे होतो.

मुळाची पेशी एरवी मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असते, म्हणून पाणी आत येतं. मातीतलंच पाणी खारं झालं की हा फरक कमी होतो, आवक मंदावते. मातीचं पाणी पेशीहून दाट झालं तर उलटा ओघ सुरू होतो आणि पेशीतला जीवद्रव्याचा गोळा आक्रसून भिंतीपासून सुटतो. याला पुस्तकात रससंकोच म्हणतात. म्हणजे चिखलात उभं राहून तहानेनं मरणं रोपाला अगदी शक्य आहे.

"मीठ पाणी ओढून घेतं"

ही भाषा आपल्या तोंडात इतकी बसली आहे की मीही रोज वापरतो. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी दिसतं, कारल्याच्या चकत्यांना मीठ लावलं की कडू पाणी सुटतं. पाहणाऱ्याला वाटतं मिठाने आत हात घालून पाणी खेचलं. मिठाला असा हात नाही. फोडीतून जाणारं पाणी जात राहिलं, बाहेरून परत येणारं कमी झालं, एवढंच घडलं.

फरक नुसता शब्दांचा वाटेल, पण त्यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. खेच मिठाची खासियत असती तर साखरेने तसं व्हायला नको होतं. साखरही तेच करते, मुरांबा हा त्याचा पुरावा. परासरणात पदार्थ कोणता याला फारसं महत्त्व नाही, कण किती हे मोजलं जातं. १८८० च्या दशकात डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी हा नियम गणितात मांडला. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ सालचं, त्यांनाच मिळालं. मिठाचा कण पाण्यात फुटून दोन होतो आणि वजनाला हलका असतो, साखरेचा रेणू अख्खा राहतो आणि भारी असतो. हिशेब केला तर एक ग्रॅम मीठ जे काम करतं त्याला सुमारे बारा ग्रॅम साखर लागते. आमच्या आजीला व्हान्ट हॉफ माहीत नव्हते, पण लोणच्याला ती मीठ वाटीने घालायची आणि मुरांब्याला साखर फोडींच्या बरोबरीने किंवा वर. दोन्ही बरण्यांत बुरशी-जंतूंच्या पेशीतलं पाणी बाहेर निघून जातं, म्हणून कैरी वर्षभर टिकते.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग बटाट्याचा. कच्च्या बटाट्याच्या बोटाएवढ्या तीन फोडी कापा. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी चांगल्या खारट पाण्यात. पहिली कडक होते, वाकवली तर मोडते. दुसरी मऊ पडून रबरासारखी वाकते. तिसरी फोड आधी उकडून मग खारट पाण्यात टाका आणि थोड्या वेळाने चाखा. ती आतपर्यंत खारट लागेल. उकडल्याने पटलं फाटली, मिठाला अडवणारं कुणी उरलं नाही. पटल नाही तर परासरण नाही.

सासू-सुनेची विहीर

लोणारला कमळजा देवीच्या देवळाजवळ, सरोवराच्या काठाला ही विहीर दाखवतात. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, म्हणून नाव सासू-सून. कोण गोड आणि कोण खारी हे सांगणाऱ्यावर अवलंबून! मला एकदा सहलीच्या मुलांना तिथे 'हे परासरण' असं सांगताना कुणी तरी भेटलं. ते परासरण नव्हे. खारं आणि गोडं पाणी एकमेकांत मिसळणं म्हणजे विसरण, त्याला मध्ये पडदा लागत नाही. मिठाला अडवणारं आणि पाण्याला सोडणारं पटल मध्ये असेल तेव्हाच परासरण म्हणायचं.

"त्या खाऱ्या पाण्यात काय जगणार?"

लोणारच्या कड्यावरून खाली पाहताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. झरे आणि पावसाचे ओहोळ आत येतात, बाहेर मात्र एकही ओढा जात नाही. पाणी फक्त उन्हाने उडतं आणि क्षार मागे राहतात. त्यात सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेट आहेत आणि साधं मीठही आहे. त्यामुळे पाणी खारं तर आहेच, शिवाय धुण्याच्या सोड्यासारखं अल्कधर्मी आहे. पीएच साधारण १० च्या आसपास मोजला गेला आहे. पूर्वी इथून क्षार काढून विकले जात, त्यांना दल्ला, पापडी अशी नावं होती.

अशा पाण्यात गोड्या पाण्यातला जीव टाकला तर त्याची गत मामांच्या हरभऱ्यासारखीच होईल. पण म्हणून तळं ओस नाही. स्पिरुलिना नावाने ज्याच्या गोळ्या विकल्या जातात, त्याच कुळातलं निळं-हिरवं शेवाळ इथे भरपूर वाढतं, पाण्याला हिरवी झाक त्याचीच. हे जीव तग धरतात कारण त्यांनी बाहेरच्या दाट पाण्याशी बरोबरी साधलेली असते. खाऱ्या पाण्यातले अनेक सूक्ष्मजीव स्वतःच्या पेशीत साखरेसारखी किंवा अमिनो आम्लासारखी निरुपद्रवी द्रव्यं तयार करून साठवतात. आतले कण बाहेरच्या कणांच्या तोडीचे झाले की पाणी निघून जायचं कारण उरत नाही.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्राला एक नवा विषय मिळाला. दैवी कोपापासून रसायनांपर्यंत सगळे तर्क झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि कारण सापडलं: पाणी आटून क्षार वाढले होते, आणि हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजले होते. गुलाबी रंग त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्याचा.

या हॅलोआर्कियांची रीत वेगळीच. ते गोड द्रव्यं बनवण्याच्या भानगडीत पडत नाहीत, सरळ पोटॅशियम क्लोराइड पेशीत भरून घेतात. बाहेर मीठ, आतही क्षार. त्यांची प्रथिनंसुद्धा अशी घडलेली आहेत की भरपूर क्षार नसेल तर ती विसकटतात. मग गंमत अशी होते की आपल्याला जे पाणी अमृत, ते त्यांना विष. शुद्ध पाण्यात टाकले तर पाणी धो धो आत शिरतं आणि पेशी फुटते. प्रयोगशाळेत त्यांच्यातलं डीएनए बाहेर काढायला हीच युक्ती वापरतात. त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, लोणारचा महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश जाहीर झाला. 'इथे काही जगत नाही' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

"पेशी पाणी पंपाने आत घेते"

पेशीत पंप आहेत, पण ते सोडियम-पोटॅशियमसारख्या आयनांचे. पाण्याचा पंप सजीव सृष्टीला जमलेला दिसत नाही. पेशी कण हलवते आणि पाणी आपोआप त्यांच्या मागे जातं. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा परत घेतात, तेही याच आडवाटेने.

मात्र पाणी जातं कुठून, हा प्रश्न बराच काळ लटकत होता. पेशीचं पटल तेलकट, त्यातून पाणी झिरपतं पण सावकाश. मग तांबड्या रक्तपेशीतून ते इतकं झटपट कसं जातं? दर सेकंदाला त्या पेशीच्या आकारमानाच्या सुमारे शंभर पट पाणी आत जातं आणि तितकंच बाहेर येतं, तरी पेशी ना फुगते ना आक्रसते. म्हणजे 'समतोल झाला की पाणी थांबतं' हाही गैरसमजच. अमेरिकेतल्या पीटर अ‍ॅग्रे यांना १९९० च्या सुमारास रक्तपेशीतल्या एका प्रथिनाचा छडा लागला, जे फक्त पाण्याला वाट देतं. त्याचं नाव अ‍ॅक्वापोरिन. एका वाटेतून सेकंदाला अब्जावधी रेणू एकेक करून, रांगेने जातात. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल अ‍ॅग्रे यांना विभागून मिळालं. मुळांच्या पेशीतही अशा वाटा असतात. हरभऱ्याच्याही.

"सलाईन लावा, अंगात ताकद येईल"

खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांना औषधापेक्षा या वाक्याला जास्त तोंड द्यावं लागतं. साध्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, आणि ताकद म्हणाल तर शून्य. ग्लुकोजच्या बाटलीत ते प्रमाण ५ टक्के, म्हणजे अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम साखर. चहाचे पाच-सहा चमचे. भाकरी खाता येणाऱ्या माणसाने भाकरी खावी.

मग हे ९ ग्रॅम कुठून आले? ते चवीपुरतं मीठ नव्हे. रक्तातल्या कणांच्या दाटपणाशी जुळणारं हे माप आहे, पुस्तकी भाषेत समपरासारी. शिरेतून नुसतं शुद्ध पाणी दिलं तर रक्तपेशींत पाणी शिरून त्या फुगतील आणि फुटतील. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या, पोटात पाणी न ठरणाऱ्या रोग्याचा जीव सलाईन वाचवतं. थकवा आला म्हणून लावण्यासारखं त्यात काही नाही.

तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्याला ओआरएस पुरतं. १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. साखर त्यात शक्तीसाठी नसते. आतड्याच्या पेशीत सोडियम साखरेच्या जोडीने आत शिरतं आणि पाणी त्यांच्या मागे जातं. म्हणूनच माप महत्त्वाचं: घरी करायचं तर एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. 'जास्त घातलं की जास्त गुण' असं समजून ओआरएसची लिटरभर पाण्यासाठीची पुडी अर्ध्या लिटरमध्ये ढवळली, तर आतड्यातलं द्रावण रक्ताहून दाट होतं आणि पाणी शरीरातून उलट आतड्यात येतं. जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ओआरएसचं प्रमाण मुद्दाम आणखी पातळ केलं.

दोन किरकोळ समज जाता जाता. धुणं धुताना बोटांना सुरकुत्या पडतात त्या त्वचेत पाणी शिरल्यामुळे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण बोटाची चेता तुटलेली असेल तर तासभर भिजवूनही सुरकुती पडत नाही, हे १९३० च्या दशकातच डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून कातडी आत ओढली जाते, आणि तो हुकूम चेतासंस्थेचा. दुसरा समज भिजत घातलेल्या हरभऱ्याचा. सुरुवातीला दाणा फुगतो तो परासरणाने नव्हे. कोरड्या लाकडासारखा तो पाणी शोषतो. मेलेलं बीसुद्धा फुगतं. म्हणून वावरात बी उकरून ते टम्म फुगलेलं दिसलं, तर ते उगवेलच असं धरू नये.

आरओ म्हणजे बारीक चाळणी?

खारपाणपट्ट्यातल्या गावांत पिण्यासाठी आरओचे जार घरोघर पोचले आहेत. 'आरओ' म्हणजे उलटं परासरण. एरवी पाणी गोड्याकडून खाऱ्याकडे जातं. खाऱ्या बाजूवर दाब दिला की ते उलट येतं. लिटरला २ ग्रॅम क्षार असतील तर दीड-पावणेदोन बारपेक्षा जास्त दाब हवा. समुद्राच्या पाण्याला सत्तावीस बारच्या वर. हे व्यवहारात आणणारा पहिला कामाचा पडदा सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात बनवला.

चाळणीत कचरा साचतो, पाणी सगळं खाली येतं. आरओत तसं नाही. पाण्याचा एक भाग गोडा होऊन निघतो आणि अडवलेले सगळे क्षार उरलेल्या पाण्यात राहतात, म्हणजे ते मूळ बोअरच्या पाण्याहूनही खारं असतं. 'वाया कशाला घालवायचं' म्हणून ते पाणी परसातल्या मिरची-वांग्याला घालणारे मी पाहिले आहेत. फरशी धुवा, संडासात ओता, झाडांना नको. उलट ज्यांच्या नळाचं पाणी मुळातच गोडं आहे त्यांना आरओची गरजच नसते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत.

"जिप्सम टाकला की खार मरतो"

आता परत वावरात. खारपाणपट्ट्याचं दुखणं दुहेरी आहे आणि दोन्हींना आपण 'खार' म्हणतो, तिथे गफलत होते. एक दुखणं परासरणाचं: पाण्यात विरघळलेले क्षार मुळाला पाणी मिळू देत नाहीत. दुसरं चोपणपणाचं: सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटतो, कण विस्कटतात, छिद्रं बुजतात, पाऊस पडला तर पाणी वर साचून राहतं आणि वाळली की जमीन दगडासारखी होते. जिप्सम या दुसऱ्या दुखण्याचं औषध आहे. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. पण सुटलेला सोडियम कुठे जाणार? तो पावसाच्या गोड्या पाण्याने खाली किंवा चरांतून बाहेर वाहून जायला हवा. निचरा नसेल आणि वरून पुन्हा बोअरचं पाणी दिलं, तर जिप्समचे पैसे मातीत. पहिल्या दुखण्याला जिप्सम लागू पडत नाही, तो स्वतःच एक क्षार आहे.

पिकांपिकांत फरकही मोठा आहे. कपाशी बराच खार सोसते, हरभरा आणि कांदा फार थोडा. सोसणारं पीकसुद्धा फुकट सोसत नाही. पेशीत स्वतःची द्रव्यं साठवून बरोबरी राखायला त्याची कमाई खर्ची पडते, वाढ खुंटते, बोंडं कमी लागतात.

मामांना मी शेवटी रससंकोच सांगितलाच नाही. कागदावर गुणाकार करून दाखवला. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम क्षार आहेत. एका पाळीत वावरात दोन इंच पाणी दिलं, तर एकराला साधारण दोन लाख लिटर लागतं. म्हणजे एका पाळीत चारशे किलो क्षार. पन्नास किलोची आठ पोती. पाणी उन्हाने उडतं, थोडं पीक पितं, पोती वावरातच राहतात. पाणी अर्धं आटलं की उरलेल्याचा खारेपणा दुप्पट होतो.

मामा बराच वेळ कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हंजे म्या पानी नाई, मीठ देल्लं."

खारपाणपट्ट्यात कुणी रब्बीत बोअर सुरू करणार असेल, तर त्याआधी पाणी तपासून घ्यावं. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, अर्धा लिटर भरा, झाकण घट्ट लावा, वर गाव आणि गट नंबर लिहा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या. अहवालात विद्युत वाहकता (तिच्यावरून विरघळलेले क्षार किती ते कळतं) आणि सोडियमचं प्रमाण हे दोन आकडे आधी पाहा.